१९५३चे टोर्नेडो आणि नेवाडातले अणुस्फोट: वादळं खरंच बाँबमुळे आली का?

पर्जन्यमापक (धागाकर्ता)

९ जून १९५३च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात वुस्टर शहरावर टोर्नेडो आला आणि ९४ माणसं गेली. आदल्याच दिवशी मिशिगनमध्ये फ्लिंटजवळच्या बीचर भागात ११६ जण गेले होते. त्याआधी ११ मेला टेक्ससमधल्या वेको शहरात ११४. त्या एका वर्षात टोर्नेडोंनी अमेरिकेत ५१९ बळी घेतले.

त्याच वसंतात, १७ मार्च ते ४ जून, नेवाडाच्या वाळवंटात ११ अणुचाचण्या झाल्या होत्या. मालिकेचं नाव अपशॉट-नॉटहोल. शेवटचा स्फोट क्लायमॅक्स, ६१ किलोटनांचा (एक किलोटन म्हणजे हजार टन टीएनटी स्फोटकाइतकी ऊर्जा), ४ जूनला. चार दिवसांनी फ्लिंट, पाच दिवसांनी वुस्टर. वेकोच्या तीन दिवस आधी, ८ मेला, एन्कोर नावाचा २७ किलोटनांचा स्फोट. लोकांनी तारखा जोडल्या नसत्या तरच नवल. अमेरिकी काँग्रेसपर्यंत प्रश्न गेला. तिथल्या हवामान खात्याने 'संबंध नाही' म्हणून सांगितलं आणि १९५५ साली खात्यातल्या लेस्टर माख्टा आणि हॅरिस या दोघांनी 'सायन्स' नियतकालिकात त्यावर सविस्तर निबंध लिहिला. तरीही हा दावा मेलेला नाही, नव्या नव्या रूपात फिरत राहतो. म्हणून हा धागा.

माझं मत आधीच सांगतो: बाँबने टोर्नेडो आणले नाहीत. कारण साध्या हिशेबात आहे. एक चौरस किलोमीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडतो तेव्हा दहा लाख किलो वाफेचं पाणी झालेलं असतं आणि त्यातून बाहेर पडणारी उष्णता साधारण ०.६ किलोटन भरते. म्हणजे क्लायमॅक्सची सगळी ऊर्जा दहा चौरस किलोमीटरवर पडलेल्या एक सेंटिमीटर पावसाइतकी. आपल्याकडचा वळवाचा एखादा बऱ्यापैकी ढगसुद्धा याहून जास्त उष्णता सोडून जातो. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. तेवढा पाऊस फक्त शंभर चौरस किलोमीटरवर धरला तरी ५६ मेगाटन, म्हणजे ५६ हजार किलोटन होतात. रशियाचा १९६१चा सर्वांत मोठा बाँब ५० मेगाटनांचा होता.

पण मला खरी चीड वेगळ्याच गोष्टीची येते. 'बाँबने हवामान बिघडवलं का' या वादात सगळे गुंतले आणि हवामानाने बाँबचं विष कुठे कुठे नेलं, हा प्रश्न मागे पडला. वाऱ्यापावसाने किरणोत्सारी राख शेकडो, हजारो किलोमीटर नेऊन लोकांच्या अंगणात टाकली. ते मोजलेलं आहे, सिद्ध आहे, त्याने माणसं आजारी पडली. त्यावर बोलूया.

---

रानवारा

धागा चांगला, पण मला पटला नाही.

पहिलं म्हणजे 'संबंध नाही' हे सांगितलं कोणी? सरकारी हवामान खात्याने. आणि चाचण्या करत होतं कोण? त्याच सरकारचा अणुऊर्जा आयोग. १९५३च्याच वसंतात युटा राज्यात सीडर सिटीच्या मेंढपाळांच्या हजारो मेंढ्या मेल्या. आयोग म्हणाला, किरणोत्साराचा संबंध नाही. मेंढपाळ १९५६ साली कोर्टात गेले आणि हरले. १९८२ साली त्याच न्यायाधीशांनी, क्रिस्टेन्सन यांनी, सरकारने आपल्यापासून पुरावे दडवले, कोर्टाची फसवणूक केली, असा निकाल दिला. पुढे अपिलात तो निकालही उलटवला गेला. १९९० साली मात्र किरणोत्साराने आजारी पडलेल्या माणसांसाठी भरपाईचा कायदा करून माफी मागावीच लागली. मेंढ्यांबद्दल ज्यांनी खोटं सांगितलं त्यांचं वादळांबद्दलचं मी का ऐकावं?

दुसरं, तुमचा ऊर्जेचा हिशेब. डोंगरावरचा धोंडा ढकलायला धोंड्याइतकं बळ लागत नाही. तो कडेला आलेला असेल तर एक बोट पुरतं. टोर्नेडोची ऊर्जा बाँबने दिली असं कोण म्हणतंय? ती हवेत होतीच. प्रश्न ती मोकळी कोणी केली, हा आहे.

---

मंगळवेढेकर

रानवारा यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझा पाठिंबा. आमच्या सोलापूर भागात २०१८ आणि २०१९च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेने विमानातून ढगांत बीजं फवारण्याचा प्रयोग केला. त्यांच्या निष्कर्षाप्रमाणे फवारलेल्या ढगांच्या वाऱ्याच्या दिशेला साधारण १८ टक्के पाऊस वाढला. त्या नळकांड्यांमधल्या भुकटीची ऊर्जा किती? काहीच नाही. पर्जन्यमापक यांच्या सूत्राने मोजलं तर हा परिणाम शक्यच नाही! आणि नेवाडात मोठ्या स्फोटांच्या वेळी वाळवंटाची टनावारी धूळ दहा-बारा किलोमीटर उंच जात होती. धूळ म्हणजे ढगाचं बीजच की.

दुष्काळी भागातल्या माणसाला ढगाची ही नाजूक बाजू लगेच कळते. भरून आलेलं आभाळ कशाकशाने फिरतं ते आम्ही पाहतो.

---

हिशेबनीस

मंगळवेढेकर, फवारणीचा दाखला उपयोगी आहे, पण तो उलट बाजूचा आहे. सोलापुरात ढग निवडून, त्यात पुरेसं पाणी आहे हे मोजून, त्याच्या पोटात ठरावीक आकाराचे, पाणी ओढणारे कण सोडले. इतकं सगळं नेमकं जमवून सरासरी १८ टक्के. तेही पावसात. टोर्नेडो फवारून तयार केल्याचं उदाहरण जगात नाही.

माख्टा आणि हॅरिस यांनी नेमक्या याच वाटा तपासल्या होत्या. स्फोटाची धूळ ढगात बीज म्हणून काम करते का? किरणोत्साराने हवेत विद्युतभार वाढून फरक पडतो का? धुळीने सूर्यप्रकाश अडतो का? त्यांना स्फोटांतली धूळ बीज म्हणून कुचकामी आढळली. विद्युतभार सर्वसाधारण हवामान हलवण्याइतका भरला नाही. आणि सूर्यप्रकाशाच्या बाबतीत, मोठ्या ज्वालामुखींनी याहून कितीतरी पट धूळ उडवलेली आहे.

आता आकडे. ते कोणत्याही सरकारी निर्वाळ्यावर अवलंबून नाहीत, कोणीही ताडून पाहावेत. अमेरिकेत १९५२ साली २४० टोर्नेडोंची नोंद झाली, १९५३ साली ती ४२०च्या पुढे गेली. इथपर्यंत रानवारा यांची बाजू भक्कम दिसते. पण १९५४ साली नेवाडात एकही चाचणी झाली नाही आणि नोंद गेली साडेपाचशेवर. नोव्हेंबर १९५८ ते सप्टेंबर १९६१ अमेरिका, रशिया, ब्रिटन, तिघांनीही चाचण्या थांबवल्या होत्या. १९५९ आणि १९६० या दोन्ही वर्षी टोर्नेडो सहाशेच्या वर. बाँब बंद, टोर्नेडो चालूच.

वाढ झाली ती मोजण्यात. मार्च १९४८मध्ये ओक्लाहोमातल्या टिंकर हवाई तळावर फॉबुश आणि मिलर या दोन अधिकाऱ्यांनी टोर्नेडोचा पहिला यशस्वी अंदाज दिला. १९५२पासून हवामान खातं जनतेसाठी असे अंदाज देऊ लागलं. इशारा दिला की तो खरा ठरला का हे पाहावं लागतं, म्हणून माणसं टोर्नेडो शोधायला आणि कळवायला लागली. ९ एप्रिल १९५३ला इलिनॉयमध्ये रडारच्या पडद्यावर टोर्नेडोच्या ढगाचा आकडीसारखा आकार पहिल्यांदा टिपला गेला. पूर्वी शेतात येऊन गेलेलं वादळ कोणाच्या वहीत जात नव्हतं, आता जायला लागलं.

आणि जुनी नोंद सांगतो: १८ मार्च १९२५, मिसूरी-इलिनॉय-इंडियाना या तीन राज्यांतून गेलेला टोर्नेडो, ६९५ बळी. बाँब जन्माला यायला वीस वर्षं होती.

---

जुना पुणेकर

आमच्या लहानपणी पुण्यात सर्रास बोललं जायचं की रशिया आणि अमेरिकेच्या बाँबमुळे पाऊसमान बिघडलं. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, खडकवासला गेलं, निम्मं पुणं पाण्याखाली. त्यानंतर तर वाड्यावाड्यातून हेच. मोठी शिकलेली माणसं म्हणायची. इतक्या सगळ्यांना एकाच वेळी वाटत होतं त्यात काहीच तथ्य नसेल?

---

हिशेबनीस

काका, तारखा पाहा. पानशेत जुलै १९६१चं. वर सांगितलेली चाचणीबंदी तेव्हा चालू होती, रशियाने ती १ सप्टेंबर १९६१ला मोडली. त्या मधल्या काळात फक्त फ्रान्सने सहारात चार स्फोट केले, शेवटचा एप्रिल १९६१मध्ये. चाचण्या जवळपास थांबलेल्या असताना पानशेत झालं. आणि ते अपुऱ्या अवस्थेत भरलेलं धरण होतं. बाँबकडे बोट दाखवलं की धरण कोणी, कसं आणि किती घाईने भरलं हा प्रश्न बाजूला पडतो.

---

पर्जन्यमापक

हिशेबनीस यांनी पानशेतबद्दल जे लिहिलं तेच मला १९५३बद्दल म्हणायचं आहे.

रानवाराजी, मेंढ्यांचा मुद्दा तुम्ही काढलात ते बरं झालं. पण तो माझ्या बाजूने बोलतो. त्या मेंढ्या वादळाने मेल्या नाहीत, राखेने मेल्या. १९ मे १९५३चा ३२ किलोटनांचा हॅरी नावाचा स्फोट घ्या. वाऱ्याने त्याची राख युटातल्या सेंट जॉर्ज गावावर आणून टाकली. लोकांना काही तास घरात बसायला सांगितलं आणि पुढची कित्येक वर्षं 'धोका नाही' म्हणून समजावलं.

त्याआधी २५ एप्रिलचा सायमन, ४३ किलोटनांचा. त्याचा ढग वरच्या वेगवान वाऱ्यांबरोबर पूर्वेकडे निघाला आणि दुसऱ्या दिवशी न्यूयॉर्क राज्यात ट्रॉय आणि ऑल्बनी या गावांवर जोरदार गडगडाटी पाऊस झाला. त्या पावसाने ढगातला किरणोत्सार खाली धुऊन आणला. नेवाडा तिथून साडेतीन हजार किलोमीटरहून लांब. ट्रॉयमधल्या रेन्सेलिअर तंत्रशिक्षण संस्थेत रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांची मापकयंत्रं अचानक जास्त आकडे दाखवू लागली, तेव्हा हे उघडकीला आलं. विद्यार्थ्यांच्या हातात यंत्रं नसती तर ट्रॉयच्या लोकांना तो नेहमीचाच वळीव वाटला असता.

वादळ आणि बाँब यांचं नातं असं आहे. वादळ बाँबने आणलेलं नव्हतं, पण बाँबचं विष मात्र वादळाने खाली उतरवलं.

---

अलिबागकर

मग १९९८चं काय? ११ आणि १३ मेला पोखरण, ९ जूनला कांडल्याचं चक्रीवादळ. हजारो माणसं गेली. त्या उन्हाळ्यात देशभर उष्णतेची लाटही भयानक होती. आमच्याकडे बंदरावर लोक उघड बोलत होते.

---

हिशेबनीस

पोखरणचे स्फोट जमिनीखालचे होते. हवेत जाणारी उष्णता जवळपास शून्य. वादळ तयार व्हायला समुद्र तापलेला लागतो आणि मे-जूनमध्ये मान्सून टेकण्याआधी अरबी समुद्र तापलेलाच असतो. ३ जून २०२०ला तुमच्याच दारात निसर्ग चक्रीवादळ आलं. त्याच्या आधी कोणी कुठे बाँब फोडला होता?

---

रानवारा

हिशेबनीस, अलिबागकरांना भूमिगत स्फोटाचं उत्तर दिलंत ते मान्य. पण हवेतल्या स्फोटांना ते लागू नाही आणि तिथे तुमची बाजू दिसते तितकी पक्की नाही. आता हे वाचा.

इंग्लंडमधल्या रेडिंग विद्यापीठातल्या जाइल्स हॅरिसन आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटांवर लर्विक नावाचं हवामान केंद्र आहे. तिथे १९६२ ते १९६४ या काळातल्या पावसाच्या आणि हवेतल्या विजेच्या रोजच्या नोंदी आहेत. हा काळ म्हणजे रशिया-अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या चाचण्यांनंतर राख खाली येत होती तो. राखेतल्या किरणोत्साराने हवेत विद्युतभार वाढतो. त्यांनी जास्त भाराचे आणि कमी भाराचे ढगाळ दिवस वेगळे काढून तुलना केली. जास्त भाराच्या दिवशी ढग जाड होते आणि पाऊस सरासरी २४ टक्के जास्त.

म्हणजे माख्टा आणि हॅरिस यांनी १९५५मध्ये 'विद्युतभार पुरेसा नाही' म्हणून दार लावलं, ते पासष्ट वर्षांनी उघडलं. स्फोट हजारो किलोमीटर लांब, आणि त्या बेटावरच्या पावसात चोवीस टक्क्यांचा फरक. याला 'संबंध नाही' म्हणणार?

---

पर्जन्यमापक

हा अभ्यास मला माहीत आहे आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. लर्विक मुद्दाम निवडलं, कारण तिथे कारखान्यांचा धूर नाही, हवा स्वच्छ, इतर कारणांनी नोंदी गढूळ होत नाहीत. भार आलेले थेंब एकमेकांना चिकटून मोठे व्हायला मदत होते, असा त्यामागचा विचार आहे. ज्या ढगातून थेंब पडेल की नाही अशी स्थिती आहे, तिथे हे थोडंसं बळ पुरतं.

पण हा पाऊस कसला? थंड समुद्रावरचे मंद, बसके ढग आणि त्यातून पडणारे बारीक थेंब. चोवीस टक्के ऐकायला मोठे, पण मूळ पाऊस थोडका असतो. टोर्नेडो देणारा गडगडाटी ढग बारा-पंधरा किलोमीटर उंच जातो, त्यात वर जाणारी हवा एखाद्या भरधाव मोटारीच्या वेगाने जाते. त्याला जमिनीलगत दमट हवा, वर कोरडी थंड हवा आणि उंचीनुसार दिशा बदलणारे वारे लागतात. थेंब किती लवकर चिकटले यावर टोर्नेडो ठरत नाही.

म्हणून मी लर्विक मान्य करतो आणि वुस्टर नाकारतो. दोन्हीला एकच उत्तर हवं असा आग्रह का?

---

कुतूहल

इथे कोणीच लॉरेन्झचं नाव काढलं नाही याचं नवल वाटतं. १९६३मध्ये एडवर्ड लॉरेन्झने दाखवलं की वातावरणासारख्या व्यवस्थेत सुरुवातीचा किंचित फरकही पुढे वाढत जातो आणि काही दिवसांनी हवामान पूर्ण वेगळं होऊ शकतं. फुलपाखराच्या पंखांनी फरक पडत असेल, तर ६१ किलोटनांनी का नाही? ४ जूनला क्लायमॅक्स फुटला नसता, तर ९ जूनला टोर्नेडो नेमका वुस्टरवरूनच गेला असता का? कदाचित पंधरा किलोमीटर उत्तरेच्या जंगलातून गेला असता. ती ९४ माणसं वाचली असती.

आकडेवारी काढून याला उत्तर देता येत नाही. वर्षाचे एकूण टोर्नेडो तेवढेच राहतील, पण कोणत्या गावावर कोणता पडेल ते बदलेल. मरणाऱ्या माणसाला वार्षिक सरासरीशी काय करायचंय?

मला हा प्रश्न गंभीर वाटतो. कृपया 'गोंधळाचा सिद्धांत' म्हणून उडवून लावू नका.

---

हिशेबनीस

उडवून लावत नाही. या धाग्यातला सर्वांत अवघड मुद्दा हाच आहे.

पाच दिवस हा काळ मात्र कमी आहे. किंचित फरक मोठा व्हायला सहसा आठवडा-दोन आठवडे लागतात. ९ जूनचं वादळ ज्या मोठ्या हवामान प्रणालीतून आलं ती एक दिवस आधी मिशिगनवर होती, त्याआधी मध्य मैदानांवर. इतकी मोठी प्रणाली क्लायमॅक्सच्या उष्णतेने चार दिवसांत वळली असं दाखवणं कठीण आहे. टोर्नेडोची अगदी नेमकी वाट, कोणत्या रस्त्यावरून, कोणत्या मिनिटाला, हे मात्र फार नाजूक असतं, त्याला लहान कारणंही पुरतात. तुमचं म्हणणं तिथे मी खोडू शकत नाही.

पण मग त्या पाच दिवसांत अमेरिकेत उडालेलं प्रत्येक विमान, पेटलेलं प्रत्येक जंगल, कॅन्ससमध्ये नांगरलेलं प्रत्येक शेतही तितकंच जबाबदार धरावं लागेल. आणि त्याच न्यायाने क्लायमॅक्सने एखादा टोर्नेडो दुसऱ्या शहरावरून हटवलाही असेल. त्याचं श्रेय आयोगाला द्याल का? ज्या कारणाचा परिणाम कोणत्या दिशेला जाईल हे कोणालाच सांगता येत नाही, त्यावर दोषारोप उभा राहत नाही.

---

कुतूहल

विमान आणि नांगर लोकांच्या संमतीने चालत होते. बाँब नव्हते. परिणाम सांगता येत नाही हे माहीत असताना इतका मोठा धक्का द्यायचा हक्क कोणाला होता? माझा आक्षेप तिथे आहे आणि तो तुमच्या उत्तराने मिटत नाही.

---

मैत्रेयी, श्रूझबरी

मी वुस्टरला लागूनच राहते. १९५३चा टोर्नेडो आमच्या श्रूझबरीवरूनही गेला. एकूण वाट सुमारे ७५ किलोमीटर, जवळजवळ दीड तास तो जमिनीवर होता. असम्प्शन कॉलेजची इमारत त्यात मोडली. ते कॉलेज नंतर दुसरीकडे गेलं आणि त्या आवारात आता क्विन्सिगामंड कम्युनिटी कॉलेज आहे. आमच्या मराठी मंडळातली मुलं तिथे शिकतात, बहुतेकांना त्या जागेचा हा इतिहास ठाऊक नसतो.

इथे राहून मला जे कळलं ते तुमच्या वादात आलेलं नाही. त्या दिवशी सकाळी बॉस्टनच्या हवामान कार्यालयातल्या लोकांना टोर्नेडोची शंका आली होती. पण या भागात टोर्नेडोचा इशारा कधी दिलेला नव्हता आणि लोक घाबरतील म्हणून त्यांनी 'तीव्र गडगडाटी वादळ' एवढंच जाहीर केलं. टोर्नेडो येतोय हे न कळता लोक संध्याकाळी कामावरून घरी निघाले. तळघरात जाऊन बसा, एवढं कोणी सांगितलं असतं तरी कितीतरी जण वाचले असते.

म्हणून मला बाँबचा हा दावा नुसता चुकीचा वाटत नाही, तो माणसांचं नुकसान करणारा वाटतो. बाँबमुळे आलं म्हटलं की पुढे करण्यासारखं काही उरत नाही. इशारा का दिला नाही असं विचारलं की रडार येतं, भोंगे येतात, रेडिओवरची सूचना येते. पुढच्या काही वर्षांत अमेरिकेत नेमकं तेच झालं आणि त्यानेच माणसं वाचली.

---

रानवारा

मैत्रेयीताई, इशाऱ्याचा मुद्दा मनाला लागला. पण तुम्ही लिहिलंत त्यातही तीच गोष्ट दिसते मला. लोक घाबरतील म्हणून सांगायचं नाही. सेंट जॉर्जच्या लोकांना राखेबद्दल सांगितलं नाही, वुस्टरच्या लोकांना टोर्नेडोबद्दल सांगितलं नाही. मग लोकांनी स्वतःच कारणं शोधली तर त्यांना अडाणी का म्हणायचं? १९५३च्या माणसाकडे दोनच गोष्टी होत्या: रोजच्या पेपरात बाँबच्या बातम्या आणि दारात मोडलेलं घर.

आणि पर्जन्यमापक, 'हवामानाने बाँबचं विष नेलं' हे तुमचं वाक्य मला खटकतं. दोष वाऱ्यावर जातो त्यात. १ मार्च १९५४ला पॅसिफिक महासागरातल्या बिकिनी बेटांवर अमेरिकेने ब्राव्हो नावाचा बाँब फोडला, १५ मेगाटन. आदल्या रात्रीच्या बैठकीत वारे प्रतिकूल होत चालल्याचं समोर आलं होतं. तरी फोडला. राख जवळच्या रोंगेलाप बेटाच्या लोकांवर आणि जपानच्या दाइगो फुकुर्यू मारू या मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरचे २३ जण आजारी पडले, रेडिओ सांभाळणारे कुबोयामा त्याच सप्टेंबरमध्ये गेले. वाऱ्याने काय केलं तिथे? ज्यांनी वारा बघूनही बटण दाबलं, त्यांनी केलं.

---

पर्जन्यमापक

ब्राव्होबद्दल तुमचा शब्द न् शब्द मान्य. दोष वाऱ्याला देण्याचा माझा हेतू नाही. चाचणीच्या वेळा हवामानाचा अंदाज पाहूनच ठरत. म्हणजे वारा राख कुठे नेईल याची त्यांना कल्पना होती, म्हणूनच जबाबदारी जास्त जड होते. आणि म्हणूनच मी म्हणतो, आरोपपत्रात खात्रीचे गुन्हे लिहा. सेंट जॉर्ज, ट्रॉय, रोंगेलाप. त्यात वुस्टर घातलं की समोरच्याला तेवढंच एक कलम खोडायचं असतं. ते खोडून तो उरलेल्यांवरही पाणी फिरवतो.

२ एप्रिल १९५४ला नेहरूंनी लोकसभेत चाचण्या थांबवण्याचं आवाहन केलं, ते ब्राव्होच्या राखेनंतर. १९६३चा करार होऊन अमेरिका, रशिया आणि ब्रिटनच्या हवेतल्या चाचण्या थांबल्या, त्यामागेही राखच होती. राखेतून दुधात उतरणारं किरणोत्सारी स्ट्रॉन्शियम-९० होतं. टोर्नेडोच्या दाव्याने एकही चाचणी थांबली नाही.

---

मंगळवेढेकर

एक विचारायचं होतं. लर्विकसारखा अभ्यास आपल्याकडच्या १९६२ ते १९६४च्या नोंदींवर होऊ शकेल का? पुण्यात हवामान खात्याकडे रोजच्या पावसाच्या जुन्या वह्या आहेत.

---

हिशेबनीस

पावसाच्या नोंदी आहेत, पण त्याच दिवसांची हवेतल्या विजेची मोजणी त्याच ठिकाणची लागते. शिवाय आपला पाऊस मुख्यतः उंच, जोरदार ढगांचा. तिथे एवढासा फरक दिसणार नाही. हिवाळ्यात मंद पाऊस पडणारी हिमालयाच्या पायथ्याची ठिकाणं निवडली तर काही आशा आहे. महाराष्ट्रातल्या हिवाळी पावसाचे दिवस मोजकेच, त्यातून निष्कर्ष निघणार नाही.

---

रानवारा

निघणार नाही हे आधीच कसं ठरवता? लर्विकच्या नोंदीही जवळजवळ साठ वर्षं तशाच पडून होत्या. कोणीतरी त्या उघडल्या म्हणून कळलं. महाबळेश्वरच्या १९६३च्या जानेवारी-फेब्रुवारीच्या नोंदींपासून सुरुवात करायला माझी तयारी आहे, सोबत कोणाला यायचं असेल तर इथेच सांगा.